विश्लेषण : 'फाट्यावरून आत या' की 'वेस्टला उतरा'? पत्ता सांगण्याची पद्धत महाराष्ट्रात गावागणिक का बदलते?

टपाल विभागाने मे २०२५ मध्ये 'डिजिपिन' ही नवी पत्ता-प्रणाली सुरू केली. आयआयटी हैदराबाद आणि 'इस्रो'चे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या मदतीने ती तयार झाली आहे. संपूर्ण देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला अक्षरे आणि अंक मिळून दहा चिन्हांचा संकेतांक देण्यात आला आहे. म्हणजे घरच काय, घरामागचा गोठाही वेगळा ओळखता येईल. त्यात जवळपास प्रत्येक हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये नकाशा. तरीही पार्सल घेऊन आलेल्या मुलाचा फोन येतोच : "दादा, जवळची खूण सांगा ना."

ती खूण कशी सांगायची, याची पद्धत मात्र सगळीकडे सारखी नाही. मुंबईकर आधी स्टेशनची बाजू सांगतो, पुणेकर चौक आणि मारुती सांगतो, कोकणात वरची की खालची वाडी हे विचारले जाते, तर लातूरकडे 'पाटीवर उतरा' असा निरोप मिळतो. समाजमाध्यमांवर या फरकावर भरपूर विनोद फिरतात. पण रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेच्या चालकाला हाच फरक ओलांडून घर गाठायचे असते, तेव्हा तो विनोदाचा विषय राहत नाही. हा फरक येतो कुठून, मोबाइलच्या नकाशाला तो का कळत नाही आणि नव्या संकेतांकाने काय बदलेल, याचा हा आढावा.

पत्ता आणि वाट यांत फरक काय?

पत्ता म्हणजे एक ठिकाण. वाट म्हणजे तिथपर्यंत पोहोचण्यासाठी घ्यायच्या निर्णयांची साखळी : कुठे वळायचे, कुठे चढायचे, कुठे थांबायचे. कागदावरचा पत्ता सगळ्यांसाठी एकच असतो, पण वाट सांगणारा माणूस समोरच्याकडे बघून वाट बदलतो. पायी जाणाऱ्याला तो गल्लीतून पाठवतो, ट्रकवाल्याला बाह्यवळणाने, पावसाळ्यात पुलाकडून आणि उन्हाळ्यात ओढ्यातून.

अशी वाट सांगण्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार शरीराशी बांधलेला : डावीकडे, उजवीकडे, सरळ. चालणारा माणूस उलटा फिरला की हे शब्दही उलटे होतात. दुसरा प्रकार जमिनीशी किंवा आकाशाशी बांधलेला : पूर्वेला, पश्चिमेला, चढाकडे, समुद्राकडे. माणूस कुठेही तोंड करून उभा असला तरी हे शब्द बदलत नाहीत. तिसरा प्रकार खुणांचा : देऊळ, झाड, टॉकीज, पेट्रोल पंप. बहुतेक लोक तिन्ही प्रकार वापरतात, पण कोणता आधी आणि किती वापरायचा हे त्या जागेची ठेवण ठरवते.

मुंबईची 'ईस्ट-वेस्ट' कुठून आली?

मुंबईत पत्ता सुरू होतो तो लोकलच्या स्टेशनपासून. शहर दक्षिणोत्तर लांबट आणि रेल्वेमार्गही बहुतांशी तसेच. त्यामुळे रुळांच्या एका बाजूला पूर्व, दुसऱ्या बाजूला पश्चिम अशी वाटणी झाली आणि ती पत्त्याचाच भाग बनली. नुसते 'अंधेरी' सांगून भागत नाही. बाजू चुकली तर पादचारी पूल, भुयारी मार्ग किंवा उड्डाणपूल गाठून परत फिरावे लागते आणि गर्दीच्या वेळी त्यात अर्धा तास जाऊ शकतो.

गंमत अशी, की ही पूर्व-पश्चिम सूर्याची नसून रुळांची आहे. उपनगरांमध्ये जिथे रूळ तिरपे धावतात, तिथे 'पश्चिम' होकायंत्रातल्या पश्चिमेशी जुळेलच असे नाही. पण प्रवाशाला त्याने फरक पडत नाही, कारण त्याला जिना कोणत्या बाजूला उतरायचा एवढेच हवे असते.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे अंतर मिनिटांत सांगणे. 'स्टेशनपासून चालत सात मिनिटे', 'शेअर रिक्षाने दहा मिनिटे' हे मुंबईत किलोमीटरपेक्षा उपयोगाचे असते, कारण तेवढेच अंतर सकाळी आणि संध्याकाळी वेगवेगळा वेळ घेते. खाडी ओलांडून नवी मुंबईत गेले की भाषा पुन्हा बदलते. सिडकोने आखलेल्या या शहरात नोड, सेक्टर आणि प्लॉट क्रमांक चालतात. छत्रपती संभाजीनगरमध्येही सिडकोने वसवलेल्या भागात लोक सहज 'एन-सिक्स', 'एन-सेव्हन' म्हणतात. पण जुन्या शहरात शिरले की पैठण गेट, दिल्ली गेट सुरू होतात. दरवाज्याचे नावच तिथून निघणारा रस्ता कुठे जातो ते सांगते. पुण्यातल्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजाही असाच उत्तरेकडे तोंड करून आहे.

पुण्यात मारुती, कोल्हापुरात तिकटी

पुण्याच्या जुन्या भागात आठवड्याच्या सातही वारांच्या पेठा आहेत. पेठेच्या आत दाट वस्ती, अरुंद बोळ आणि एकमेकांसारखे दिसणारे वाडे. अशा ठिकाणी 'तिसऱ्या बोळात डावीकडे' सांगून उपयोग नसतो, कारण बोळ कोणता मोजायचा यावरच मतभेद होतात. म्हणून खुणा लागतात, आणि खुणांनाही ओळखनावे लागतात. नुसते 'मारुतीचे देऊळ' पुरत नाही, कारण मारुती पुष्कळ आहेत. त्यातूनच जिलब्या मारुती, सोन्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती अशी नावे रूढ झाली. ही नावे आज गमतीची वाटतात, पण त्यांचे एक काम नेमके होते : एक देऊळ दुसऱ्यापासून वेगळे ओळखता यावे.

पाटीवरचे नाव आणि तोंडातले नाव वेगळे असणे हाही इथला नेहमीचा अनुभव. कागदोपत्री टिळक चौक असलेल्या जागेला शहर 'अलका टॉकीज' म्हणते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथाला बहुतेक जण 'एफसी रोड' म्हणतात. बाहेरून आलेला माणूस पाटी वाचून विचारतो आणि सांगणारा रूढ नावाने उत्तर देतो. गोंधळ इथेच सुरू होतो.

कोल्हापुरात तीन रस्ते मिळतात त्या जागेला 'तिकटी' म्हणतात. 'पापाची तिकटी' तर शहराबाहेरही माहीत आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात त्याच जागेला 'तिठा' म्हणतात. सोलापुरात एका ठिकाणाचे नावच 'सात रस्ता' आहे. नाशिककडे 'चौफुली' हा शब्द रोजचा आहे, तर नागपुरात जवळपास सगळे शहर चौकांच्या नावांवर चालते. नागपूरच्या रस्त्यांमध्ये दिशाही शिरल्या आहेत : नॉर्थ अंबाझरी रोड, साउथ अंबाझरी रोड, वेस्ट हायकोर्ट रोड. म्हणजे एकच मराठी बोलणारा माणूस कोल्हापूरहून निघून नागपूरला पोहोचेपर्यंत 'रस्ते मिळतात ती जागा' यासाठी तीन-चार शब्द ऐकतो.

कोकण आणि गोव्यात 'वर' म्हणजे कुठे?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातले गाव बहुधा एका ठिकाणी गोळा झालेले नसते. ते वाड्या-वाड्यांत विखुरलेले असते आणि दोन वाड्यांमध्ये डोंगराचा उतार, व्हाळ किंवा आमराई असते. इथे पूर्व-पश्चिमेपेक्षा 'वर' आणि 'खाली' हे शब्द जास्त कामाचे ठरतात. वर म्हणजे सड्याकडे, खाली म्हणजे खाडीकडे किंवा समुद्राकडे. वरची वाडी, खालची वाडी ही नावे त्यातूनच येतात.

कोकणातल्या वाटेत ऋतूही असतो. 'साकवावरून या' असे सांगणारा माणूस, गाडी पलीकडेच लावावी लागेल हेही सुचवत असतो, कारण साकव हा पायी जाण्यापुरता लहान पूल असतो. 'पाखाडीने या' म्हटले की पायऱ्या चढायच्या आहेत हे गावकऱ्याला कळते. शहरातून पहिल्यांदाच आलेल्या माणसाला किंवा ॲपला ते कळत नाही. नकाशावर रेषा दिसते, पण ती रेषा डांबरी आहे की जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची, हे दरवेळी दिसतेच असे नाही.

गोव्यात गावाचे भाग 'वाडो' म्हणून ओळखले जातात आणि चर्च, देऊळ, खुरीस, तिंटो म्हणजे बाजार या खुणा ठरतात. दिवाडीसारख्या बेटावर जाणाऱ्याला नुसते वळण सांगून चालत नाही, फेरीबोट कुठून धरायची हेही सांगावे लागते. वाट आणि वेळापत्रक तिथे एकत्रच येतात.

फाटा, पाटी आणि 'कुणाकडं जायचं?'

घाटमाथा ओलांडून देशावर आले की महामार्ग हाच कणा होतो. गाव रस्त्यापासून आत असते आणि आत जाणारा रस्ता जिथे फुटतो तो 'फाटा'. लातूर, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यात त्याच जागेला 'पाटी' म्हणतात, कारण गावाच्या नावाची पाटी तिथे असते. एसटीचा प्रवासी, दूधवाला, ऊस वाहणारा ट्रॅक्टरचालक आणि पोलीस या सगळ्यांना फाट्याचे नाव ठाऊक असते.

फाट्यापासून आत गेल्यावर दिशांची भाषा बदलते. शेतकऱ्याचा रोजचा संबंध बांधाशी आणि सूर्याशी असतो. म्हणून 'उगवतीचा बांध', 'मावळतीकडची विहीर' असे शब्द येतात. जमिनीच्या खरेदीखतातही चतुःसीमा लिहिली जाते : पूर्वेस कोण, पश्चिमेस काय. म्हणजे होकायंत्र न वापरताही दिशांची भाषा इथे कायद्याच्या कागदात जिवंत आहे.

वस्तीच्या प्रकारालाही प्रदेशागणिक नाव आहे. पश्चिम महाराष्ट्रात मळा आणि वस्ती, मराठवाड्यात तांडा, पालघर-नंदुरबारमध्ये पाडा, यवतमाळमध्ये कोलामांचा पोड, गोंदिया-गडचिरोलीकडे टोला. हा शब्द ऐकूनच स्थानिक माणसाला रस्ता कसा असेल, घरे किती दूर असतील याचा अंदाज येतो.

आणखी एक फरक महत्त्वाचा. शहरात वाट विचारली की उत्तर मिळते. गावात आधी उलट प्रश्न येतो : "पावणं, कुणाकडं जायचं?" गावात माणूस हाच पत्ता असतो. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, पण गट क्रमांक सांगून कुणी घर शोधत नाही. नाव सांगितले की "कोणते पाटील, मळ्यातले की वेशीजवळचे?" असा पुढचा प्रश्न येतो आणि मग कुणीतरी पोरगा सायकलवर पुढे निघतो. ही पद्धत नेमकी आहे. अट एकच, विचारणाऱ्याला तिथला कुणीतरी माहीत हवा. अनोळखी रुग्णवाहिका चालकाला ती सोय नसते.

हा फरक फक्त आपल्याकडेच आहे का?

नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कॅरोल लॉटन यांच्या २००१ मधल्या अभ्यासात मध्य-पश्चिम आणि पश्चिम भागातले लोक ईशान्य आणि दक्षिणेकडच्या लोकांपेक्षा वाट सांगताना उत्तर-दक्षिण जास्त वापरतात असे दिसले. यामागचे एक कारण जमिनीत आहे. १७८५ च्या कायद्यानंतर त्या देशातली पश्चिमेकडची जमीन चौकोनांत मोजली गेली आणि पुढे रस्तेही त्याच जाळीवर बांधले गेले. सरळ उत्तर-दक्षिण रस्ते असतील तर 'उत्तरेला तीन मैल' सांगणे सोपे जाते. जुन्या वळणदार गावांत ते जमत नाही.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाची राजधानी मानाग्वा इथे लोक 'तलावाकडे' म्हणजे उत्तरेला, 'वर' म्हणजे पूर्वेला आणि 'खाली' म्हणजे पश्चिमेला म्हणतात. १९७२ च्या भूकंपात शहर उद्ध्वस्त झाले, पण पडून गेलेल्या इमारतींपासूनही पत्ते सांगितले जात राहिले. बाली बेटावर 'डोंगराकडे' आणि 'समुद्राकडे' या जोडीवर रोजची दिशा चालते, जवळपास कोकणासारखीच. ऑस्ट्रेलियातल्या गूगू यिमिथिर भाषेत तर जवळच्या वस्तूची जागा सांगतानाही डावे-उजवे न वापरता मुख्य दिशा वापरतात. स्टीफन लेव्हिन्सन यांनी या भाषेवर केलेले काम प्रसिद्ध आहे.

भारतातही यावर संशोधन झाले आहे. रमेश मिश्रा आणि पियर डासेन यांनी बाली, नेपाळ आणि वाराणसी परिसरातल्या मुलांचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक २०१० मध्ये आले. मुलांच्या दिशाज्ञानावर घरातली भाषा, शाळा आणि परिसर या सगळ्यांचा परिणाम होतो, हे त्यातून पुढे आले. वाट सांगण्याची सवय अशी लहानपणापासून घडते, हे त्यावरून लक्षात येते.

खूण नाहीशी झाली किंवा नाव बदलले तर?

खूण गेली तरी नाव टिकते, याचे उत्तम उदाहरण मुंबईतला काळा घोडा. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवून भायखळ्याच्या राणीबागेत नेण्यात आला. त्यानंतर पाच दशके तिथे घोडा नव्हता, पण टॅक्सीवाल्याला 'काळा घोडा' सांगितले की तो बरोबर नेत असे. २०१७ मध्ये तिथे स्वाररहित घोड्याचा नवा पुतळा बसवण्यात आला.

सरकारी नामांतरानंतरही असेच होते. 'व्हीटी'चे नाव १९९६ मध्ये बदलले, पण जुने नाव अजून ऐकू येते. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर या जिल्ह्यांची नावेही गेल्या काही वर्षांत बदलली. काही वर्षे दोन्ही नावे शेजारी नांदतात. या काळात पाटी, ॲप, तिकीट आणि माणसाचे तोंड यांत चार वेगळी नावे असू शकतात.

एक नामांतर मात्र वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. राज्यातल्या वस्त्यांना आणि रस्त्यांना असलेली जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. त्याऐवजी समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी नावे सुचवण्यात आली. वाट सांगताना 'अमक्या वाड्याच्या पुढे' असे म्हणणे वरवर साधे वाटते, पण त्या नावासोबत तिथे राहणाऱ्याची जातही दरवेळी उच्चारली जाते. नोकरीच्या अर्जावर, शाळेच्या दाखल्यावर, पार्सलच्या डब्यावर ती छापली जाते. कागदावरचे नाव बदलणे हे पहिले पाऊल. वाट सांगणाऱ्याच्या तोंडातला शब्द बदलणे हे त्यानंतरचे आणि जास्त वेळ घेणारे काम आहे. खुणांची भाषा उपयोगाची असली तरी ती निष्पाप असतेच असे नाही.

मोबाइलचा नकाशा कुठे कमी पडतो?

भारतात लोक रस्त्याच्या नावापेक्षा खुणांवर चालतात, हे गुगलच्याही लवकर लक्षात आले. कंपनीने २००९ मध्येच भारतातल्या नकाशात खुणांवर आधारित सूचना देण्यास सुरुवात केली. २०२४ मध्ये 'पुढे उड्डाणपूल घ्या' अशा सूचना आणि अरुंद रस्ते टाळण्याची सोय जाहीर झाली. तरीही काही गोष्टी निसटतात.

जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री एक मोटार पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात बुडालेल्या पुलावर गेली आणि चालकाचा मृत्यू झाला. गाडी मोबाइलवरचा नकाशा बघून चालली होती, असे तेव्हाच्या बातम्यांत म्हटले होते. धरण भरले की तो पूल पाण्याखाली जातो, हे आसपासच्या गावांना माहीत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीवरच्या अपूर्ण पुलावरून मोटार कोसळून तिघांचा बळी गेला. जुलै २०२५ मध्ये बेलापूरमध्ये पुलावरून जाण्याऐवजी पुलाखालचा रस्ता धरल्याने एक मोटार खाडीत पडली. सुदैवाने चालक महिला वाचली.

तिन्ही घटनांत सगळा दोष ॲपवर टाकणे बरोबर नाही. धोकादायक रस्त्यावर अडथळा आणि फलक उभारणे हे रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेचे काम आहे. पण या घटनांमधला समान धागा बघण्यासारखा आहे. 'आता तिकडे पाणी आहे', 'पूल अर्धवट आहे', 'वरून जा, खालून नको' या तीन सूचना स्थानिक माणूस न विचारता देतो. त्याच्या वाटेत ऋतू, उंची आणि कालपरवाची माहिती असते. रात्री रस्त्यावर कुणी नसते, आणि नेमके तेव्हाच ॲपवर पूर्ण भिस्त असते.

महामार्गावर 'चॅनल क्रमांक' का महत्त्वाचा?

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. जून २०२५ पासून तो पूर्ण खुला झाला. या रस्त्यावर जुनी पद्धत चालत नाही. ढाबे, देवळे, चौक, फाटे यांपैकी फारसे काही नजरेत येत नाही, कारण रस्ता कुंपणाच्या आत आहे आणि तो गावांना टाळून जातो. म्हणून अपघाताच्या बातम्यांमध्ये 'चॅनल क्रमांक अमुक' असे वाचायला मिळते. रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेले ते अंतर असते.

यंत्रणेला ही भाषा सोयीची आहे. पण मदतीसाठी फोन करणारा प्रवासी घाबरलेला असतो. त्याने आधीचा फलक वाचलेला नसतो, आणि 'जालन्याच्या पुढे कुठेतरी' एवढेच तो सांगू शकतो. शिवाय दोन्ही बाजूंच्या मार्गिका वेगळ्या असल्याने नागपूरकडे जाणारी की मुंबईकडे येणारी, हे सांगितले नाही तर मदतीच्या गाडीला पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन वळावे लागते. मुंबईतल्या 'ईस्ट की वेस्ट?' या प्रश्नाचाच हा नवा अवतार.

डिजिपिनने काय सुटेल, काय नाही?

पत्त्याचा गोंधळ सोडवण्याचा असा प्रयत्न आधीही झाला आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सहा अंकी पिनकोड सुरू झाला. त्याचे श्रेय टपाल अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांना दिले जाते. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्त्यांच्या अनेक भाषा ही तेव्हाची अडचण होती. महाराष्ट्रात पिंपळगाव, वडगाव किती आहेत हे आठवले तरी ती अडचण कळते. लोकांनी त्यावर आपला तोडगा आधीच काढला होता : पिंपळगाव बसवंत, वडगाव मावळ, किंवा धाकट्या गावाला 'खुर्द' आणि थोरल्याला 'बुद्रुक'.

पिनकोड टपाल कार्यालयाच्या कक्षेपर्यंत नेतो. डिजिपिन त्यापुढे थेट दारापर्यंतचा बिंदू देतो. ज्यांच्या घराला क्रमांक नाही, रस्त्याला नाव नाही अशा तांड्यांना, पाड्यांना आणि शेतातल्या वस्त्यांना याचा सर्वांत जास्त फायदा होऊ शकतो. त्यांचा पत्ता सांगताना जात उच्चारावी लागणार नाही आणि गावातल्या कुणाच्या ओळखीवर अवलंबूनही राहावे लागणार नाही. या दृष्टीने दहा चिन्हांचा हा संकेतांक बराच समतावादी आहे.

पण तो बिंदू आहे, वाट नाही. उंचावरच्या पुलाला आणि त्याखालच्या रस्त्याला सपाट नकाशावर चौकोन एकच पडतो. नदीच्या दोन काठांवरचे चौकोन कागदावर शेजारी दिसतात, प्रत्यक्षात मध्ये पाणी असते. इमारतीच्या बाराव्या मजल्यालाही तळमजल्याचाच संकेतांक लागू होतो. आणि दहा चिन्हे फोनवर घाईत बिनचूक सांगणे कठीणच. म्हणून संकेतांक आणि खूण या दोन्ही गोष्टी बराच काळ एकत्र चालणार आहेत.

संकटात वाट कशी सांगावी?

राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे, आणि पोलीस तसेच इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. फोन उचलणारी व्यक्ती आपल्या भागातली असेलच असे नाही. त्यामुळे स्थानिक बोलीतली वाट तिला समजेल अशा क्रमाने सांगणे फायद्याचे ठरते.

आधी जिल्हा आणि तालुका सांगावा, मग गाव. एकाच नावाची गावे असतात, म्हणून शेजारच्या मोठ्या गावाचेही नाव द्यावे. त्यानंतर मुख्य रस्त्यावरचा फाटा, पाटी किंवा चौक सांगावा. नाव नुकतेच बदललेले असेल तर जुने आणि नवे अशी दोन्ही नावे घ्यावीत. महामार्गावर असल्यास कोणत्या शहराकडे जाणारी बाजू आणि जवळच्या फलकावरचा किलोमीटरचा आकडा हे दोन तपशील सर्वांत मोलाचे. रेल्वेमार्गाजवळच्या शहरांत पूर्व की पश्चिम हे आधीच सांगावे.

खूण सांगताना रात्रीही दिसेल अशी निवडावी : दिवे असलेला पेट्रोल पंप, मोबाइलचा मनोरा, पाण्याची टाकी. बंद झालेले टॉकीज किंवा तोडलेले झाड स्थानिकांना कळेल, चालकाला नाही. मोठी गाडी आत येत नसेल, पूल पाण्याखाली असेल किंवा पुढे पायऱ्या असतील तर ते न विचारताही सांगावे. शक्य असल्यास मोबाइलवरून लोकेशनही पाठवावे.

आणि गावाकडची एक जुनी रीत आजही सर्वांत भरवशाची आहे : घरातल्या किंवा शेजारच्या एकाने बॅटरी घेऊन फाट्यावर जाऊन उभे राहावे. शेवटचा अर्धा किलोमीटर अजूनही माणूसच दाखवतो.